आजीला बोलतं करा, नातवंडांना जवळ बसवा

तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी आहे? आजी, पणजी, चुलत आत्या, गावाकडची मावशी, शेजारची काकू? असेल तर हे वाचून झाल्यावर उठा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. एकटे जाऊ नका. घरातल्या पंधरा-अठरा वर्षांच्या पोराला, पोरीला बरोबर घ्या. फोन त्यांच्याच हातात असू द्या. आजीला म्हणा, तुला आठवतात त्या ओव्या म्हण. तुझ्या माहेरची बोली बोल. आम्हाला ऐकायचंय.

एवढी घाई कशासाठी? साधा हिशोब करा. गावात पिठाची गिरणी यायच्या आधी, समजा १९६० साली, जी मुलगी पंधराव्या वर्षी पहाटे जात्यावर बसायची, ती आज ऐंशी पार आहे. तिने आईच्या, आजीच्या, पुढे सासूच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या तिच्या डोक्यात आहेत. स्वतःच्या रचलेल्याही आहेत. तिच्या लेकीने दळणाचा डबा गिरणीत नेला. तिच्या नातीच्या घरी पीठ पिशवीतून येतं. म्हणजे ओव्या येणारी ती घरातली शेवटचीच बाई. तिच्या डोक्यात जे आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही. ती गेली की तेही जाईल. आणि ती कधी जाईल हे तुमच्या-माझ्या हातात नाही. तिच्याजवळ आज बसायचं की नाही, हे मात्र तुमच्याच हातात आहे.

या ओव्यांत आहे काय, असं तुमचा मुलगा विचारेल. विचारू द्या. आणि त्याला सांगा, तुझी पणजी तुझ्याएवढी होती तेव्हा तिला काय वाटत होतं, ते यात आहे. जातं फिरायला लागलं की एक बाई ओवी सुरू करायची, समोर बसलेली तिला साथ द्यायची. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे आत. घरातले पुरुष झोपलेले, सासू झोपलेली. बाहेर अंधार. बाईला मोकळं बोलायची तेवढीच वेळ. मग भाऊ यायचा ओवीत, आई यायची, पंढरीची वाट यायची, रानात एकटी पडलेली सीता यायची. नवऱ्याचा मार यायचा. मुलगी झाली म्हणून घरात पसरलेली शांतता यायची. दिवसा ज्या गोष्टी तोंडातून काढायची सोय नव्हती, त्या पहाटे जात्याला सांगितल्या जायच्या. आपल्या लेकींना 'तुझी मुळं काय' असं शिकवायचं असेल, तर याहून खरं काही तुमच्याकडे आहे का?

हे सगळं वाहून गेलं असतं. गेलं नाही, कारण काही माणसं वेळेवर जागी झाली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यात राहून काम करणारे गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून या ओव्या जमवायला घेतल्या. डोंगरातल्या मुळशीपासून पुढे कितीतरी तालुके झाले. गावातल्याच कार्यकर्त्या बाया त्यांच्याबरोबर होत्या. हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या! नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी बायांच्या आवाजात ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. आज हा ठेवा 'परी', म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया', या संकेतस्थळावर आहे आणि कुणालाही फुकट ऐकता येतो. आज रात्री जेवताना मुलांबरोबर त्यातली एक ओवी ऐका. फक्त एक. टीव्ही बंद करून.

ऐकलीत की एक गोष्ट लक्षात येईल. ज्या गावात कुणी पोचलं, त्या गावातल्या बायांचा आवाज राहिला. ज्या गावात कुणी पोचलं नाही, तिथला गेला. तुमच्या गावात कुणी पोचलं होतं का? तुमच्या आजीकडे? नसेल, तर पोचायचं तुम्हालाच आहे. या कामाला विद्यापीठ लागत नाही. आवाज टिपायचं यंत्र आता तुमच्या खिशातल्या फोनमध्येच आहे.

बहिणाबाईंचं उदाहरण तर आपल्या घरातलंच आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपुढे, जात्यावर त्या आपल्या खानदेशी बोलीत गाणी म्हणत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला पितांबर यांनी ऐकता ऐकता ती उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. आता जरा विचार करा. घरातल्या दोन पोरांनी वही-पेन्सिल उचलली नसती तर? आज शाळेत आपली मुलं जी कविता शिकतात, ती कुणाला ठाऊकही नसती. आणि जेवढं त्यांनी टिपलं तेवढंच आपल्यापर्यंत आलं. सोपानदेव स्वतः कवी होते हे खरं. पण इथे त्यांनी केलं ते काम कवीचं नव्हतं, मुलाचं होतं. ते तुमच्या घरातलं कोणतंही पोर करू शकतं.

पण पोरं बसतात कुठे आजीजवळ, असं तुम्ही म्हणाल. का बसत नाहीत याकडे जरा डोळे उघडून बघू या. दोष फोनवर ढकलून चालणार नाही.

नंदुरबारचं, बुलढाण्याचं, सिंधुदुर्गाचं कुटुंब पुण्या-मुंबईला येतं. मूल शाळेत जातं. पहिल्याच आठवड्यात घरच्या बोलीतलं एक वाक्य बोलतं आणि सगळा वर्ग हसतो. मूल घरी येतं ते गप्प होऊन. आणि घरी आपण काय करतो? जवळ घेऊन 'हसू देत, ही आपली भाषा आहे' असं म्हणतो का? नाही. आपण म्हणतो, 'नीट बोल.' तेही आजीसमोर म्हणतो. आजी ऐकते. हळूहळू ती नातवाशी कमी बोलायला लागते, कारण तिला 'नीट' बोलता येत नाही. आणि नातू तिच्याशी कमी बोलायला लागतो, कारण मित्र घरी आले तर तिच्या बोलण्याची त्याला लाज वाटते. एका घरात राहून दोघं परकी होतात. हे आपण केलं आहे. चांगल्या हेतूने केलं, पोराचं शिक्षण अडू नये म्हणून केलं. पण थांबवायचंही आपणच आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगणं आहे, 'नीट बोल' हे दोन शब्द घरातून काढून टाका. शाळेत प्रमाण मराठी शिकू दे, इंग्रजी शिकू दे, चांगली शिकू दे. घरात मात्र अहिराणी चालू द्या, मालवणी चालू द्या, वऱ्हाडी, झाडी, आगरी, वाडवळी चालू द्या. मुलाच्या डोक्यात दोन-तीन भाषा सुखाने नांदतात. तंजावरच्या मराठी घरांकडे बघा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तिकडे गेलेली ही माणसं. बाहेर सगळा तमिळ मुलूख, मुलांची शाळा तमिळ, हिशोब तमिळ. तरी तीनशे वर्षांहून जास्त काळ त्यांनी घरात मराठी टिकवली. त्यांच्यातल्या कित्येकांना देवनागरी वाचता येत नाही. मराठी त्यांना आईने दिली, आजीने दिली, बस्स. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणि न्यू जर्सीच्या घरात हे अशक्य आहे असं तुम्हाला खरंच वाटतं का?

आणि आपली तरुण मुलं यापासून मनाने दूर गेली आहेत, हेही मला मान्य नाही. 'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. ते चालवलं तरुणांनीच. ज्यांना अहिराणीतलं ओ की ठो कळत नव्हतं तीही पोरं लग्नात त्यावर नाचली. मालवणीतल्या 'वस्त्रहरण'चे हजारो प्रयोग झाले आणि ते नाटक लंडनपर्यंत जाऊन आलं. पोरांना आपली बोली हवी आहे, आपला नाद हवा आहे. फक्त कुणीतरी त्यांना सांगायला हवं की यात लाजण्यासारखं काही नाही. ते सांगणारे तुम्ही व्हा.

आता आणखी एक धोका सांगते, कारण तो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. मुलाला घरातून काही मिळालं नाही तर ते मोकळं राहत नाही. बाहेर त्याला ओळख देणारे पुष्कळ बसले आहेत. झेंडा देतील, घोषणा देतील, कपाळाला गंध लावतील, गाडीवर लावायला स्टिकर देतील आणि सांगतील, हाच तू, आणि तो समोरचा तुझा वैरी. मिरवणुकीत ओरडायला शिकवणं फार सोपं असतं. पोरगं ओरडतं, कारण 'मी कोण' या त्याच्या प्रश्नाला दुसऱ्या कुणी उत्तरच दिलेलं नसतं. ते उत्तर घरातून जाऊ द्या. त्याच्या पणजीने किती मैलांवरून पाणी आणलं, कुठल्या दुष्काळात काय खाल्लं, कोणत्या सणाला काय रांधलं, कुणाच्या दारात तिला पाणी वरून ओतून मिळालं, हे त्याला कळू द्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या 'परी'च्या त्याच संग्रहात आहेत, विठ्ठलाच्या ओव्यांशेजारी. दोन्ही त्याला ऐकवा. दोन्ही मराठीच आहेत, दोन्ही जात्यावरच्याच आहेत. ज्या पोराने हे कान देऊन ऐकलं, ते दुसऱ्याच्या आजीला हसणार नाही, एवढा विश्वास मला आहे.

मग करायचं कसं? त्यात अवघड काही नाही, पण दोन-चार गोष्टी सांभाळा.

खुर्चीवर बसवून, फोन समोर धरून 'म्हण गं आजी' म्हटलं तर आजीला काही आठवणार नाही. ती म्हणेल, 'गेलं सगळं इसरून.' तिथे सोडू नका. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. परसात, गच्चीवर, जिन्याखाली जातं पडलेलं असेल तर ते बाहेर काढा, धुऊन पुसून तिच्यापुढे ठेवा. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर स्टुलावर ठेवा. दोन मुठी तांदूळ द्या. खुंट्याला हात लागला, दगडाचा आवाज झाला की बघा काय होतं ते. पहिली ओवी अडखळत येईल, दुसरी जरा बरी, आणि पाचवीपर्यंत ती तुम्हाला विसरून गेलेली असेल. जातं नसेल तर गहू निवडायला द्या, वाती वळायला द्या, गोधडी टाचायला द्या. तिच्या हाताला काम पाहिजे.

पंखा बंद करा, त्याचा आवाज फार येतो. फोन तिच्या तोंडासमोर नाचवू नका, बाजूला घडी केलेल्या टॉवेलवर ठेवून द्या. मधे बोलू नका. ती रडली तर रडू द्या. प्रश्न नातवंडांनीच विचारावेत. सून विचारेल तेव्हा आजी सांगणार नाही ते नातीला सांगेल. आणि सुरुवातीलाच तिच्याकडून तिचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, साधारण वय आणि आजची तारीख वदवून घ्या. पन्नास वर्षांनी हा आवाज कुणाचा, हे कुणाला तरी कळलं पाहिजे. मग तेच रेकॉर्डिंग घरातल्या दुसऱ्या एका फोनमध्ये आणि पेन ड्राइव्हवर लगेच घालून ठेवा. एका फोनवर भिस्त ठेवू नका. फोन पाण्यात पडतात.

आणि कळकळीने सांगते, तिला विचारल्याशिवाय काही पोस्ट करू नका. ओवीत कधी सासूचं नाव असतं, दिराचं असतं, घरातलं जुनं दुखणं असतं. ती नातीला सांगते ते साऱ्या गावाला सांगत नसते. तिने हो म्हटलं तरच पुढे जा.

ऐकून झालं की मुलांना ते हाताने लिहून काढू द्या, जसं कानावर पडलं तसं. ती 'इठ्ठल' म्हणाली असेल तर 'इठ्ठल'च लिहू दे. सुधारायला जाऊ नका. जे कळणार नाही ते उठून तिलाच विचारू दे. त्या विचारण्यातच अर्धं काम आहे. तेवढ्यासाठी नातू दहा वेळा आजीकडे जाईल.

घरात लग्न निघालंय का? मग तर आयती संधी आहे. हळदीला जातं बाहेर येतं, त्याला हळकुंड-सुपारी बांधतात, पाच सवाष्णी हात लावतात. मग कुणीतरी म्हणतं, 'अगं ओवी म्हणा की कुणीतरी,' आणि सगळ्या जणी एकाच म्हातारीकडे बघतात. ती जेमतेम दुसऱ्या ओवीवर येते आणि डीजेवाला बटण दाबतो. तिचे ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. फोटोग्राफर म्हणतो, आजी, इकडे बघा. तुम्ही यजमान असाल तर डीजेवाल्याला पंधरा मिनिटं थांबवा. तुमचा शब्द तो मोडणार नाही. नवऱ्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना त्या म्हातारीभोवती बसवा. नाचायला उरलेली रात्र आहेच.

तुम्ही शिक्षक असाल तर तुमच्याकडे जास्त मागणं आहे, कारण तुमच्या हातात एकदम चाळीस घरं आहेत. या सुट्टीत निबंध देऊ नका. प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडून एक ओवी, एक गाणं किंवा एक गोष्ट आणावी, त्यांच्याच बोलीत, एवढंच सांगा. आलेल्या वह्यांवर लाल शाई वापरू नका. आणि वर्गात ती वाचताना कुणी हसलं, तर तो धडा त्या दिवशी तिथेच घ्या. मेळघाटातल्या शाळेत तुम्ही असाल तर तुमच्यासमोर कोरकू बोलणारं लेकरू बसलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, जिथे शक्य आहे तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, असं म्हटलं आहे. सरकारी पुस्तकाची वाट बघू नका. त्याच्या आजोबांना एक दिवस वर्गात बोलवा. त्यांना खुर्ची द्या, तुम्ही उभे राहा. ते बघून त्या लेकराची मान किती ताठ होते ते तुम्हीच बघाल.

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलली जाते. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ती बसवता येत नाही, अशी एकटी भाषा आहे ती. बोलणारी माणसं जेमतेम काही हजार, आणि तीही बाजारात, कचेरीत दुसऱ्याच भाषा बोलतात. तिथल्या तरुण मुलामुलींना माझं सांगणं आहे, घरी बोलत राहा. लहान भावंडांशी बोला. तुम्ही थांबलात तर ती भाषा पुढे नेणारं दुसरं कुणी नाही. आणि त्या भागातल्या दुकानदारांना, कारकुनांना, कंडक्टरांना, शेजाऱ्यांना सांगणं आहे, ती पोरं आपसांत बोलताना दिसली तर हसू नका. एवढीच तुमची मदत, पण फार मोठी.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. वाटावेतच. पण दर्जा दिल्लीहून येतो, भाषा स्वयंपाकघरातून येते. येत्या २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन साजरा करणाऱ्या मंडळांना, ग्रंथालयांना, सोसायट्यांना विनंती आहे, मंचावर पाहुणा आणाल तो तुमच्याच वस्तीतला आणा. वॉचमनची आई असेल, भाजीवाल्या मावशी असतील, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी असतील. त्यांना शाल द्या, माइक द्या आणि पहिल्या रांगेत मुलांना बसवा.

परदेशात असाल तर घड्याळ बघा. अमेरिकेत असाल तर तुमची रविवारची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. आजी जागी असते, वाटच बघत असते. 'जेवलीस का, औषध घेतलंस का' एवढ्यावर फोन ठेवू नका. तो मुलांच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. त्यांची मराठी मोडकी असेल. असू द्या. आजीला मोडकी चालते.

वर्षभराने करू, परीक्षा झाल्यावर करू, गणपतीत गावी जाऊ तेव्हा करू, असं मनात येईल. कृपा करून तसं करू नका. ऐंशीच्या घरातल्या माणसाला पुढचे गणपती धरून चालता येत नाही. कितीतरी घरांत आज फोटोला हार आहे आणि आवाज कुणाकडेच नाही. तुमच्या घरात अजून आवाज आहे. येत्या रविवारी मुलांचा क्लास बुडवा, त्यांना तिच्याजवळ न्या, फोन सुरू करा आणि एकच विचारायला सांगा: 'आजी, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा काय म्हणायचीस?'